हान्डॉर्फला राहायला येताय? आधी गावाची ओळख करून घ्या

नोकरी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला आणि घर जवळच्या टेकड्यांमध्ये, हान्डॉर्फला, असं ठरवून येणारी आपली मंडळी मला भाडं, शाळा, बस सगळं विचारतात. गावाबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं, म्हणून लिहितो.

एकोणिसाव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांवर एकच उपासनापद्धत लादली. जुनी रीत न सोडणाऱ्यांमागे तुरुंग आणि दंड लागले. त्यांच्यातले एक पास्टर (धर्मगुरू) काव्हेल लंडनला गेले, तिथे जॉर्ज फाइफ अँगस या व्यापाऱ्याने मदतीचा हात दिला आणि कुटुंबंच्या कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघाली. २८ डिसेंबर १८३८ला ‘झेब्रा’ जहाज पोर्ट अ‍ॅडलेडला लागलं. कप्तान डर्क हान यांचं काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण त्यांनी जमीनमालकांशी बोलणी करून या लोकांना दीडशे एकर मिळवून दिली, आणि १८३९मध्ये त्यांच्याच नावाने गाव वसलं.

ती जमीन ओसाड नव्हती. इथले मूळ रहिवासी पेरामांक लोक तिला बुकार्टिला म्हणत. रानातलं काय खाता येतं हे त्यांनीच नव्यांना दाखवलं. माझ्या मते गावाची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी.

पुढे गाव तगलं ते बायकांच्या पायांवर. भाजीपाला, लोणी, अंडी घेऊन त्या रात्रीच निघत आणि डोंगर उतरून अ‍ॅडलेडच्या बाजारात पोचत. तो रस्ता आज ‘पायोनिअर विमेन्स ट्रेल’ म्हणून जपलाय, अ‍ॅडलेडच्या ब्यूमाँट उपनगरापर्यंत सुमारे २६ किलोमीटर. थंडीच्या दिवसांत एकदा तरी चाला.

पहिल्या महायुद्धात इथल्या गावांची जर्मन नावं पुसली गेली. १९१७मध्ये गावाचं ‘अँबलसाइड’ झालं, जुनं नाव परत मिळालं ते १९३५मध्ये. आपल्याकडे कडक साहेबाला सहज ‘हिटलर’ म्हणतात. इथे ते चुकूनही नको, शेजाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी संशय सोसलाय.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. वाणसामान जवळच्या माउंट बार्कर गावात घ्या, रविवारी मेन स्ट्रीटवर पर्यटकांमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि गृहप्रवेशाचा होम अंगणात करायचा असेल तर इथल्या उन्हाळ्यातला (डिसेंबर ते फेब्रुवारी) मुहूर्त टाळा. वणव्याच्या मोसमात उघड्यावर जाळ करण्यावर कडक निर्बंध असतात आणि ‘टोटल फायर बॅन’च्या दिवशी तर सक्त मनाई, दंडही जबर आहे.