जुन्या ओम्नीचे मागचे ब्रेक: पार्ट घेताना काय बघायचं

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरायचा असतो, तेव्हा मागचे ब्रेक धड नसले तर पोटात गोळा येतो, म्हणून हे जरा मनापासून सांगतोय. छोटी ग्वालटोलीत, म्हणजे इंदूरच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाण्याआधी ड्रम (चाकासोबत फिरणारं ब्रेकचं गोल लोखंडी भांडं) उघडा आणि जुना शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी अर्धगोल पट्टी) सोबतच न्या, कारण नुसतं "ओम्नीचे द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल ते देतो. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं, शू बसला पण हँडब्रेकच्या लिव्हरचं भोक जुळेना, अख्खा रविवार गेला.

काउंटरवरच जुना-नवा एकावर एक ठेवून रुंदी, गोलाई, भोकं बघा. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम, एकाच कंपनीचे घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

आता ड्रम. आतून बोट फिरवा, कडेला उंच काठ लागला की झिजलाय समजा. कास्टिंगवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो, तो व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) ताडून बघा, लेथवर घासून ड्रमचा व्यास त्याच्या वर जात असेल तर नवाच घ्या, इथे पैसे वाचवू नका.

व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचं) रबर जरासं उचला, आत ओलं दिसलं की सिलिंडर गेला, आणि ऑइल प्यायलेला शू धुऊन परत लावायचा नाही. स्प्रिंगा स्वस्त असतात, नव्याच टाका. आणि हो, ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसांना घातक असतं.