ओडी जुळला म्हणजे गिअर जुळला असं नाही

गिअर शॉपमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय. मॉड्यूल, पीसीडी तुम्हाला येतं असं धरतो.

जुन्या लेथचा तुटका स्पर गिअर हातात येतो. दाते 40, ओडी (बाहेरचा व्यास) 105 मिमी. ओडीला दाते अधिक दोनने भागलं की मॉड्यूल 2.5. इथवर सगळे बरोबर येतात आणि लगेच हॉब (दाते कापायचं कटर) चढवतात. तिथेच थांबा! ओडीवरून प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल ठरवणारा कोन, कळत नाही. 14.5 अंशांचा असो की 20 अंशांचा, ओडी 105 च. मला हे कळायला फार वेळ लागला, कारण शॉपमध्ये कोणी सांगतच नव्हतं. गिअर आवाज करायला लागला की सगळे सेंटर डिस्टन्सला (दोन शाफ्टमधल्या अंतराला) दोष द्यायचे.

इन्व्होल्यूट (गिअरच्या नेहमीच्या वक्र आकाराचे) दाते नीट चालायला दोन्हीकडचा बेस पिच एकच लागतो. बेस पिच म्हणजे पाय (π) गुणिले मॉड्यूल गुणिले प्रेशर अँगलचा कोसाइन. मॉड्यूल 2.5 ला 20 अंशांत तो 7.380 मिमी येतो, 14.5 अंशांत 7.604. एवढ्या फरकाने पुढचा दाता वेळेवर जागेवर येत नाही, टोक समोरच्या दात्यात रुततं.

मोजायला महागडं काही लागत नाही. व्हर्नियरने चार दात्यांवरून माप घ्या, मग पाच दात्यांवरून. वजाबाकी म्हणजे बेस पिच. बॅकलॅशसाठी (दात्यांमधल्या मोकळ्या फटीसाठी) दाता पातळ केला असला तरी तो फरक वजाबाकीत निघून जातो. फक्त कमी झिजलेली जागा निवडा आणि दोन-तीन ठिकाणी मोजा. उत्तर 7.498 किंवा 7.725 च्या जवळ आलं तर तो डीपी (डायमेट्रल पिच, इंचातलं माप) 10 आहे, म्हणजे मॉड्यूल 2.54, ओडीही 106.68 असायला हवा. त्याला 2.5 चा जोडीदार देऊ नका. 'चालून जाईल' म्हणणाऱ्या उस्तादांचा मान ठेवा, पण माप स्वतः घ्या. शिकायचं तर हातात व्हर्नियर देणाऱ्याकडेच शिका. फोनवरच्या ॲपमध्ये आकडे टाकण्याआधी प्रेशर अँगलचा रकाना बघा, बहुतेकदा तिथे 20 आधीच भरलेला असतो.

घाबरू मात्र नका. बेस पिच जुळला की सेंटर डिस्टन्स किंचित इकडेतिकडे झालं तरी इन्व्होल्यूट सांभाळून घेतो. करेक्शन दिलेला (कटर थोडं आत-बाहेर सरकवून कापलेला) गिअरही त्याच मॉड्यूलच्या आणि त्याच प्रेशर अँगलच्या साध्या गिअरबरोबर चालतो, सेंटर डिस्टन्स तेवढं त्याप्रमाणे धरायचं. समांतर शाफ्टवर हेलिकल (तिरक्या दात्यांचा) गिअर असेल तर हेलिक्स अँगल (दात्यांचा तिरकेपणा) तोच, पण एक उजवा आणि दुसरा डावा, हे ड्रॉइंगवर आधी लिहून घ्या.