मूत्राशयाचं जुनाट दुखणं: रोजचा आराम कसा मिळवायचा

लघवी तपासली, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केलं, जंतू सापडले नाहीत. तरी ओटीपोटातला दाब, जळजळ आणि सारखी लागणारी घाई थांबत नाही. हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि जंतुसंसर्ग, मुतखडा, गाठ ही कारणं तपासून बाजूला पडली असतील, तर त्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. मूत्राशय भरत जातं तसं दुखणं चढतं आणि लघवी झाली की थोडा वेळ उतार पडतो, ही त्याची ओळखीची खूण. हे बायकांना जास्त होतं, पण पुरुषांनाही होतं. पुरुषांमध्ये ते कित्येकदा प्रोस्टेटची सूज समजून वर्षानुवर्षं चुकीच्या वाटेने नेलं जातं.

एका गोळीने हे जात नाही. मात्र दोन गोष्टी रोज आपल्या हातात असतात: मूत्राशयाला बोचणारी लघवी सौम्य करणं आणि त्याच्याभोवतीचे आखडलेले स्नायू सैल करणं. खालचे बहुतेक उपाय या दोहोंपैकी एका कामासाठी आहेत. सगळे एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

पुढील लक्षणांत घरगुती उपायांत वेळ घालवू नका: लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत कळा, लघवी पूर्ण अडणं, किंवा मांड्यांच्या आतला आणि बसायचा भाग बधिर होणं. शेवटच्या दोन लक्षणांत त्याच दिवशी, लगेच दवाखाना गाठा. रक्त एकदाच दिसलं आणि नंतर थांबलं तरी तपासणी टाळू नका, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी.

आधी तीन दिवसांची नोंद

खुणा असलेलं अर्ध्या लिटरचं प्लास्टिकचं भांडं आणि एक वही, एवढंच सामान लागतं. दर वेळी लिहायचं ते असं: वेळ, किती मिली झाली, दुखणं ० ते १० पैकी किती, आणि का गेलात (दुखलं म्हणून, घाई झाली म्हणून, की बाहेर पडण्याआधी जाऊन यावं म्हणून). शेजारी काय प्यायलं आणि किती, तेही लिहा. एक ओळ साधारण अशी दिसेल: ‘१०.१०, ९० मिली, दुखणं ६, घाई, ९.३० ला एक कप कॉफी.’ रात्री उठलात तर ती लघवीही मोजा. नेमका तोच आकडा लोक सोडून देतात.

तीन दिवसांनी वही वाचा. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते आणि दिवसाला सात-आठ वेळा जाणं नेहमीचं आहे. तुमचे आकडे ६० ते १०० मिलीच्या आसपास घुटमळत असतील, तर मूत्राशय भरण्याच्या खूप आधीच तक्रार करतंय. दर वेळी ३५० मिली होते आणि दिवसाची बेरीज तीन लिटरच्या वर जाते, तर प्रश्न वेगळा आहे: एकतर पाणी फार होतंय किंवा रक्तातली साखर तपासायला हवी. ‘जाऊन यावं म्हणून’ हे कारण निम्म्या वेळा आलं असेल तर तीही एक सवयच झालेली असते आणि ती सोडवता येते.

पाणी कमी करू नका

लघवीला कमी जावं लागावं म्हणून पाणी तोडणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. कमी पाण्याने लघवी घट्ट आणि गडद होते, तीच आतल्या अस्तराला जास्त बोचते आणि घाई उलट वाढते. सकाळची पहिली लघवी अनेकांना सर्वांत जास्त झोंबते, ती याच कारणाने. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पुरेसं होतं. मात्र ते एकदम अर्धा लिटर असं नको. तासाला १०० ते १५० मिली, घोट घोट. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की प्रमाण बरोबर आहे. झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या.

खाण्यापिण्यातला गुन्हेगार शोधणं

बहुतेकांना त्रास देणारे पदार्थ तेच ते असतात: कॉफी (कॅफीन काढलेलीसुद्धा), चहा, फसफसणारी पेयं, दारू, संत्रं-लिंबू वर्गातली फळं, टोमॅटो, तिखट, कृत्रिम गोडवा आणणारे पदार्थ आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पण प्रत्येकाला सगळे बाधत नाहीत. म्हणून जन्मभराच्या पथ्याची यादी भिंतीवर चिकटवण्याऐवजी चाचणी करा.

दोन ते चार आठवडे हे सगळे पदार्थ पूर्ण बंद. कॉफी मात्र एकदम तोडू नका; आठवडाभरात कमी करत आणा, नाहीतर डोकेदुखीने दुसऱ्याच दिवशी बेत मोडतो. त्रास उतरला, तर एकेक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी नेहमीच्या पाव वाटा, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. मग तीन दिवस थांबा आणि वहीतला दुखण्याचा आकडा पाहा. त्रास कधी काही तासांत होतो, कधी दुसऱ्या दिवशी, म्हणून ही थांबण्याची मुदत गाळायची नाही. पाळी येणाऱ्यांनी नवा पदार्थ पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणू नये. त्या दिवसांत अनेकींचं दुखणं तसंच वाढलेलं असतं आणि निष्पाप टोमॅटोवर आळ येतो.

लपलेले गुन्हेगार जेवणाच्या ताटात सापडत नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्यांत सायट्रिक आम्ल असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये क जीवनसत्त्व असतं, बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये कृत्रिम गोडवा असतो. आणि क्रॅनबेरीचा रस. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी तो सुचवला जातो, म्हणून लोक इथेही तोच पितात. पण तो आम्लधर्मी आहे आणि या दुखण्यात बऱ्याच जणांना आगीत तेल ओतल्यासारखा बाधतो.

चार आठवडे काटेकोर पाळूनही आकडे हलले नाहीत, तर खाणं हे तुमचं कारण नाही. सगळं परत सुरू करा. उगाच कमी कमी खात जाऊन अशक्तपणा ओढवून घेऊ नका.

स्नायू: आवळायचे नाहीत, सोडायचे

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारा स्नायूंचा थर म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की हे स्नायू नकळत आवळलेलेच राहतात आणि मग तेच दुखायला लागतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार तुटक येणं, बसल्यावर किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणं. अशा वेळी केगल व्यायाम, म्हणजे हे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम, करू नका. लघवीचा कुठलाही त्रास म्हटलं की केगल सांगितले जातात, पण ते सैल पडलेल्या स्नायूंसाठी आहेत. आधीच आखडलेले स्नायू आणखी आवळले की दुखणं वाढतं.

त्याऐवजी हे करा. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली जाड उशी घ्या, एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ जागेवर राहायला हवा. श्वास आत जाताना छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर ओटीपोटाचा तळही थोडा खाली सरकतो. ती हालचाल गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या जागेत जाणवते का पाहा: कुणीतरी मूठ हळूच उघडावी तसं. सहा मोजेपर्यंत श्वास सोडा आणि सोडताना काहीही वर ओढू नका. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. यात हमखास होणारी चूक म्हणजे जोर लावून खाली ढकलणं. पोट दगडासारखं कडक झालं किंवा श्वास अडकला, तर तुम्ही कुंथताय. थांबा आणि पुन्हा हलक्याने सुरू करा. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवलं नाही तरी चालू ठेवा. जमायला लागल्यावर बालासनात (गुडघे दुमडून, टाचांवर बसून पुढे वाकण्याच्या आसनात) हाच श्वास घेऊन पाहा.

शक्य असेल तर पेल्व्हिक फ्लोअरचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या दुखण्याच्या ८१ स्त्रिया होत्या. स्नायूंमधल्या गाठी हाताने सोडवण्याच्या उपचाराने ५९ टक्के जणींना स्पष्ट फरक पडला, नुसत्या मालिशने २६ टक्के जणींना. भेट ठरवतानाच विचारून घ्या की ते स्नायू सैल करायला शिकवतात की फक्त बळकट करायला.

शौचालयातही याच स्नायूंचा विचार करा. कमोडच्या सीटला न टेकता अर्धवट अधांतरी बसलात तर मांड्या आणि तळ दोन्ही ताठ राहतात आणि लघवी उरते. सीट पुसून घ्या पण पूर्ण टेका, पाय जमिनीवर ठेवा, थोडं पुढे वाका, कुंथू नका. बद्धकोष्ठ असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे पोट साफ ठेवणं हा या दुखण्याचाही उपचार आहे.

घाई थोपवणं

घाई आणि दुखणं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. दुखणं पाचच्या वर असेल तर जाऊन या. दुखत असताना धरून ठेवण्यात काही कमाई नाही. नुसती घाई असेल तर धावू नका. जागच्या जागी थांबा, टाचा दहा वेळा उचला, वर सांगितलेले पाच श्वास घ्या. घाईची लाट चढते तशी उतरतेही. ती ओसरल्यावर सावकाश चालत जा. वहीप्रमाणे तुम्ही ४५ मिनिटांनी जात असाल तर पहिल्या आठवड्यात तासाभराचं लक्ष्य ठेवा आणि दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवा. दुखणं उसळलेल्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही, आहे तिथेच राहायचं.

दुखणं उसळलं की

यासाठीची यादी बऱ्या दिवसांत लिहून ठेवा, कारण त्या वेळी विचार करण्याची ताकद नसते. लघवीला नवा वास, ताप किंवा वेगळ्याच प्रकारची जळजळ असेल तर आधी कल्चरला नमुना द्या. या दुखण्याबरोबर जंतुसंसर्गही होऊ शकतो. पण उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या अंदाजाने घेऊ नका. जंतू नसताना त्यांचा उपयोग नसतो.

मग पाणी थोडं वाढवा, वरच्या यादीतलं सगळं दोन-तीन दिवस बंद करा आणि शेक द्या. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून ओटीपोटावर किंवा दोन मांड्यांच्या मध्ये १५ ते २० मिनिटं ठेवा. ती घेऊन झोपी जाऊ नका. कातडीवर तांबूस-तपकिरी जाळीदार डाग दिसले तर शेक फार गरम किंवा फार वेळ होतोय. काहींना उलट गारव्याने बरं वाटतं. तेही करून पाहा, बर्फ थेट न लावता. टबात कोमट पाण्यात (३८ ते ४० अंश) १० ते १५ मिनिटं बसणं चांगलं, पण पाणी साधंच हवं. अँटिसेप्टिक, सुगंधी साबण, फेस यातलं काही नको.

फेनाझोपायरिडिनच्या गोळीने जळजळ तात्पुरती बधिर होते. लघवी नारिंगी होते, कपड्यांना आणि कॉन्टॅक्ट लेन्सना डाग पडतात आणि लघवीच्या पट्टीचे निकाल बिघडतात, म्हणून नमुना गोळीच्या आधी द्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन दिवसांपुढे घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार किंवा जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर ती मुळीच नको.

संबंधाच्या आधी आणि नंतर लघवी करून या, साधं वंगण वापरा, मूत्राशयावर दाब येणारी स्थिती टाळा. पाळी थांबल्यानंतर कोरडेपणामुळे त्रास वाढला असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांशी काय बोलायचं

वही घेऊन जा. ‘फार वेळा जावं लागतं’ यापेक्षा ‘दिवसाला १७ वेळा, सरासरी ८० मिली’ हे वाक्य जास्त काम करतं. डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मुळात नैराश्यावरचं, पण जुनाट दुखण्यावरही दिलं जाणारं औषध) सुचवू शकतात; ते साधारणपणे रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्याने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पोटाची काळजी आधीच घ्या. याच दुखण्यासाठी पोटातून घ्यायच्या पेंटोसान पॉलिसल्फेट या औषधाचा गुण यायला तीन ते सहा महिने लागू शकतात. दीर्घकाळ घेतल्यावर दृष्टिपटलाला इजा झाल्याचं आढळल्याने अमेरिकेत २०२० मध्ये त्याच्या माहितीपत्रकात इशारा घातला गेला. ते सुरू करायचं असेल तर आधी डोळे तपासून घ्या आणि पुढेही तपासत राहा. गोळ्यांनी भागलं नाही तर लिडोकेन, हेपॅरिन किंवा डीएमएसओ यांसारखं औषध नळीने थेट मूत्राशयात सोडतात. डीएमएसओनंतर अंगाला लसणासारखा वास येतो, त्याने घाबरू नका.

एक प्रश्न आवर्जून विचारा: दुर्बिणीने आत पाहिलंय का? काही रुग्णांच्या मूत्राशयात लालसर जखमेसारखे चट्टे असतात. अमेरिकी डॉक्टर गाय हनर यांनी १९१५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हनर लीजन म्हणतात. लघवीच्या तपासणीत किंवा सोनोग्राफीत ते दिसत नाहीत. ते जाळून काढता येतात किंवा त्यांत ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, आणि त्याने अनेकांना काही महिने चांगला आराम मिळतो. चट्टे पुन्हा येऊ शकतात, तेव्हा तोच उपचार पुन्हा करता येतो. वय पन्नाशीच्या पुढे असेल, दुखणं तीव्र असेल आणि आजवर दुर्बीण झालीच नसेल, तर पुढच्या भेटीत पहिला विषय हाच काढा.