दोन-तीन डीएनए किटची तुलना करण्याआधी

डाग, हाडं अशा नमुन्यांतून माणसाची ओळख पटवणाऱ्या डीएनए किटची तुलना करायची, तर निम्मं काम खोकी उघडण्याआधीच उरकायचं असतं. सुरुवात आपल्या यंत्रापासून करा. ग्लोबलफायलर, पॉवरप्लेक्स फ्यूजन सिक्ससी आणि इन्व्हेस्टिगेटर ट्वेंटीफोरप्लेक्स क्यूएस ही तिन्ही सहा रंगांची किट आहेत, त्यामुळे पाच रंगांपुरत्या जुन्या जेनेटिक ॲनालायझरवर (डीएनएचे रंग लावलेले तुकडे लांबीनुसार मोजणाऱ्या यंत्रावर) ती चालणार नाहीत. यंत्र चालत असलं तरी प्रत्येक किटसाठी त्याच्याच रंगसंचाचं स्पेक्ट्रल कॅलिब्रेशन करून ठेवा, म्हणजे यंत्राला प्रत्येक रंग वेगळा ओळखता येईल. ते नीट नसेल तर एका रंगाचे पीक (आलेखातले उंचवटे) दुसऱ्यात झिरपतात आणि दोष उगाच किटच्या माथी बसतो.

लोकस (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा) मोजण्यात फार वेळ घालवू नका. कोडिसचे (अमेरिकेच्या एफबीआयच्या डीएनए माहितीसाठ्याचे) मूळ लोकस 1 जानेवारी 2017 पासून 13 वरून 20 झाले आणि ही तिन्ही किट ते व्यापतात. फ्यूजन सिक्ससीत ऑटोसोमल (लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरचे) लोकस 23, ग्लोबलफायलरमध्ये 21. पण जास्तीचे पेंटा डी आणि पेंटा ई लांब तुकड्यांचे असल्याने खराब झालेल्या नमुन्यात आधी तेच गळतात. हाडं आणि जुने डाग तुमच्याकडे किती येतात, यावर या जास्तीच्या दोनांची किंमत ठरते.

खरी मेहनत नमुन्यांवर करा. ताज्या रक्तावर कुठलंही किट उत्तीर्ण होतं, त्यातून काहीच कळत नाही. एकच अर्क घेऊन त्याचे छोटे भाग करून गोठवा, म्हणजे पुन्हापुन्हा वितळवावा लागणार नाही. क्वांट (डीएनए किती आहे याचं मोजमाप) सगळ्यांचं एकाच पद्धतीने, एकाच बैठकीत. मग 1 नॅनोग्रॅमपासून निम्मं-निम्मं करत 31 पिकोग्रॅमपर्यंत या. एका पेशीत साधारण 6.6 पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे शेवटच्या नळीत जेमतेम पाच पेशींचा ऐवज. तिथे एकाच धावेवर विसंबू नका, प्रत्येक पातळी निदान तीनदा चालवा. दोन व्यक्तींची मिश्रणं 1:1, 1:3, 1:9, 1:19 अशी हवीत. अवरोधक (डीएनएच्या प्रती काढण्यात, म्हणजे पीसीआरमध्ये, अडथळा आणणारे पदार्थ) म्हणून ह्यूमिक आम्ल आणि हिमॅटिन वाढत्या मात्रेत घाला. नमुने देणाऱ्यांची लेखी संमती आधी, नमुने नंतर.

किती डीएनए घालायचा यावर किटनिर्मात्यांच्या शिफारशी सारख्या नाहीत; म्हणून एक फेरी प्रत्येकाच्या शिफारशीप्रमाणे, दुसरी सगळ्यांना समान मात्रा देऊन. पीसीआरची आवर्तनं मात्र आपल्या मनाने वाढवायची नाहीत.

प्रत्येक किटसोबत आपापला कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला डीएनए) येतो: 007, 2800एम, 9948. तिन्ही कंट्रोल तिन्ही किटमध्ये चालवा, जोडीला एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा प्रमाणित नमुना, एसआरएम 2391डी. प्रायमर (प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वेगळे असल्याने एका किटमध्ये दोन अलील (एकाच लोकसची रूपं) दिसतात त्या जागी दुसऱ्यात एकच दिसू शकतो. असं आढळलं तर तेच किट पुन्हा चालवून उपयोग नाही, उत्तर तेच येईल. तिसऱ्या प्रायमर-जोडीची किंवा सिक्वेन्सिंगची सोय आधीच ठरवून ठेवा.

ट्वेंटीफोरप्लेक्समधले क्वालिटी सेन्सर (पीसीआर नीट झाली का ते दाखवणारे, किटमध्येच घातलेले एक छोटा आणि एक मोठा तुकडा) मला खरोखर कामाचे वाटतात. प्रोफाइल (सगळ्या लोकसचा एकत्रित निकाल) रिकामं आलं आणि सेन्सरचे दोन्ही पीक ठणठणीत असले, तर पीसीआर झाली होती, डीएनएच नव्हता. मोठ्या सेन्सरचा पीक खाली बसला तर अवरोधकाचा संशय घ्यायचा. दोन्ही ठीक आणि एसटीआरचे (नमुन्यातल्या लोकसचे) पीक मात्र उजवीकडे, लांब तुकड्यांकडे, उतरत गेलेले, तर नमुना तुटलेला आहे. इथल्या इतर दोन किटमध्ये हा निष्कर्ष क्वांटच्या आकड्यांवरून काढावा लागतो, तेव्हा तुलनेच्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना ठेवा.

पीकची किमान उंची प्रत्येक किटसाठी डीएनए न घातलेल्या कोऱ्या कंट्रोलवरून, आपल्याच यंत्रावर काढा. सगळ्यांना एकच आकडा लावला तर ज्याचे पीक मुळात उंच, तेच किट जिंकतं. स्टटरचं (खऱ्या पीकशेजारी उमटणाऱ्या छोट्या फसव्या पीकचं) प्रमाणही लोकसवार मोजायचं. प्रोफाइल वाचणाऱ्याला नमुन्याचं खरं उत्तर कळू देऊ नका, आणि प्रत्येक किटचे शक्यतो दोन लॉट मागवा. शेवटी दर लिहिताना खोक्यावरची किंमत भागून लिहू नका. कंट्रोल, लॅडर (अलील ओळखण्याची मोजपट्टी) आणि पुन्हा चालवावे लागलेले नमुने धरून एका वापरण्याजोग्या प्रोफाइलला किती पडले, ते लिहा.