रोटी मेकरवर पोळ्या बिघडतायत? मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

पुण्यात पोळीवाल्या मावशी चार दिवस गावाला गेल्या की घरात काय होतं ते सगळ्यांना माहितीये, पोळी-भाजी केंद्राच्या चकरा सुरू होतात आणि मग कोणीतरी म्हणतं की आता इलेक्ट्रिक रोटी मेकर घेऊनच टाकू. मशीन येतं, पहिल्या दिवशी जाड वातड पोळ्या होतात, दुसऱ्या दिवशी पापड, आणि पुढच्या आठवड्यात ते माळ्यावर जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मशीन एकदम ठीक असतं. आपण लाटण्यासाठी मळतो तशीच कणीक मळून मशीनमध्ये घालतो आणि सगळं तिथेच बिघडतं. मशीनला मशीनची कणीक लागते. हे एकदा जमलं की बाकीच्या निम्म्या तक्रारी आपोआप जातात.

सगळ्यात मोठी चूक: कणीक घट्ट

पोळपाटावर लाटताना आपण हळूहळू, सगळ्या बाजूंनी, वीस-पंचवीस वेळा लाटणं फिरवतो. मशीन दोन तापलेल्या प्लेटांमध्ये गोळा दाबतं, त्याला त्याच कामासाठी एक सेकंद मिळतो. घट्ट गोळा एका सेकंदात पसरतच नाही, मग आपण जोर लावतो, हँडलवर अख्खा भार टाकतो, आणि तरी पोळी तळहाताएवढीच. म्हणून कणीक सैल हवी, नेहमीपेक्षा बऱ्यापैकी सैल. अंदाज सांगायचा तर पाव किलो कणकेला लाटायच्या पोळ्यांसाठी साधारण १५० ते १६५ मिली पाणी लागतं, मशीनसाठी १७५ ते १९० मिलीपर्यंत जा. आता गहू लोकवन आहे का सिहोरी, गिरणीवाल्याने बारीक दळलंय का जाडसर, यावर हे थोडं मागेपुढे होणार, त्यामुळे शेवटचे दोन-तीन चमचे पाणी बघत बघत घाला. पाणी कोमट घ्या, एक चमचा तेल घाला, मीठ नेहमीसारखं.

मळताना हाताला चिकटेल. चिकटू दे. इथे घाबरून वरून कोरडं पीठ भुरभुरवायचं नाही, कारण गव्हातला कोंडा पाणी हळूहळू शोषतो आणि झाकून अर्धा तास ठेवलं की तीच चिकट कणीक मऊ आणि गुळगुळीत होते. मग तेलाचा हात लावून परत दोन मिनिटं तिंबून घ्या. ओळखायचं कसं? गोळा करून ओट्यावर ठेवा, मिनिटभरात तो स्वतःच्या वजनाने जरासा बसला पाहिजे, आणि बोटाने दाबलं की खळगा तसाच राहिला पाहिजे. खळगा लगेच भरून आला तर कणीक अजून मुरलेली नाही, आणि असा गोळा दाबला की पसरतो आणि झाकण उचललं की परत आखडतो. खूप लोक म्हणतात ना की पोळी मोठी होते आणि मग लहान होते, ते हेच. आणखी पंधरा-वीस मिनिटं थांबा, दुसरा इलाज नाही.

फ्रीजमधली कणीक थेट वापरू नका. डिसेंबर-जानेवारीत तर बाहेर ठेवलेली कणीकसुद्धा सकाळी गार आणि ताठ असते. गार गोळा कमी पसरतो आणि प्लेटही गार करतो, डबल नुकसान.

दाबून धरणं

ही दुसरी मोठी चूक आणि ही जवळजवळ सगळेच करतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बघत होते, त्यांनी गोळा ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं, आतून फट्ट असा आवाज आला आणि बाजूने वाफेचा फवारा. उघडलं तर पोळीच्या मधोमध भोक आणि कडा चिंध्यांसारख्या. "अगं, मशीनच खराब आहे," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, दाबा आणि लगेच उचला, एक म्हणायच्या आत." पुढची पोळी अख्खी आली.

होतं काय की प्लेट पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर तापलेली असते. गोळा टेकला की त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची लगेच वाफ होते, झाकण बंद असल्यामुळे तिला वाट मिळत नाही, आणि ती पोळी फाडूनच बाहेर पडते. शिवाय ६०-७० अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च शिजून घट्ट व्हायला लागतो, म्हणजे पहिल्या एक-दोन सेकंदांत जेवढी पसरली तेवढीच, त्यानंतर कितीही दाबा, ती पसरणार नाही, फक्त फाटेल. म्हणून लहान झालीये म्हणून परत दाबायचा मोह होतो तो टाळा. लहान तर लहान, पुढचा गोळा थोडा सैल करा.

आणि हो, दाबताना चेहरा वर वाकवू नका, हात हँडललाच ठेवा. ती वाफ चांगलीच भाजते. घरात लहान मुलं ओट्याशी लुडबुड करत असतील तर त्यांना त्या वेळेपुरतं लांब ठेवा.

एक बाजू जाड, एक बाजू पातळ

गोळा बरोब्बर मध्यभागी ठेवला की असं होतं. झाकण मागच्या बिजागरीवर फिरतं, त्यामुळे ते बंद होताना कणीक पुढे, हँडलच्या दिशेने ढकलली जाते. गोळा मध्यापासून थोडा मागे, बिजागरीकडे ठेवा, आणि ठेवताना तळहाताने जरासा चपटा करून ठेवा. नेमका किती मागे ते तुमच्या मशीनवर दोन-तीन पोळ्यांत कळेल. गोळा लिंबाएवढा, ३० ते ३५ ग्रॅम पुरतो, मोठा घेतला की कणीक प्लेटच्या बाहेर येते आणि कडा कच्च्या राहतात.

फुगत नाही म्हणून ओरड

दाबून झाकण उघडल्यावर काय करायचं हे बरेच जण वाचतच नाहीत. झाकण उघडं ठेवा. पोळीचा वरचा रंग थोडा बदलला आणि ती प्लेटवर सरकायला लागली, साधारण १५-२० सेकंदांत, की उलटा. दुसऱ्या बाजूला बारीक बारीक फुगे दिसेपर्यंत थांबा, परत उलटा, आणि आता झाकण नुसतं टेकवा, दाबायचं नाही. या वेळी आतली वाफ दोन्ही पापुद्रे वेगळे करते आणि फुलका टम्म फुगतो. भोक पडलेली किंवा एका बाजूला जाड राहिलेली पोळी फुगणार नाही, वाफ निसटून जाते, त्यामुळे फुगण्याचा प्रश्न बरेचदा मागच्या चुकीतच असतो.

दुसरं कारण म्हणजे प्लेट पुरती न तापणं. दिवा लागला की लगेच सुरू करू नका, कोणत्या मशीनमध्ये तापल्यावर दिवा विझतो, कोणत्यात लागतो, ते आधी बघून घ्या, आणि पहिल्यांदा तापल्याची खूण दिसल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं थांबा कारण वरची प्लेट जरा मागे असते. चार-पाच पोळ्या सलग केल्या की प्लेट गार होते, तेव्हा परत थांबा. संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल तर फरक चांगलाच जाणवतो, २३० व्होल्टला ९०० वॅट देणारं मशीन २०० व्होल्टला ६८० वॅटच्या आसपासच देतं, म्हणजे जवळपास पाव ताकद गेली. अशा वेळी पोळी हळूहळू शिजते, शिजता शिजता सुकते, आणि पापड होतो. मंद आचेवर जास्त वेळ ठेवलेली पोळी मऊ राहत नाही हे तव्यालाही लागू आहे.

प्लगबद्दल एकच, मशीन मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या बरोबर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा.

पिठी आणि तेल

लाटायची सवय असल्यामुळे हात आपोआप पिठीच्या डब्याकडे जातो. मशीनमध्ये ती पिठी प्लेटवर जळते, काळे ठिपके पोळीला चिकटतात आणि जळका वास येतो. गोळा चिकटतोय तर बोटांना तेलाचा नुसता हात लावा. प्लेटवर तेल ओतणं मात्र उलटं पडतं, गोळा सरकून एका कोपऱ्यात जातो आणि ते तेल तापून तापून पिवळा चिकट थर होतो जो नंतर निघता निघत नाही. सुरुवातीला टिश्यूने पुसट हात फिरवला की झालं.

साफ करताना तारेची घासणी नाही, स्टीलचा कालथा नाही, लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथना वापरा. प्लग काढून, कोमट असताना ओल्या फडक्याने पुसायचं, नळाखाली धरायचं नाही. नवीन मशीनला पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येतो, पहिल्या दोन पोळ्या टाकून द्या.

टॉर्टिया करताय तर

मुलांच्या डब्याला रॅप म्हणून हल्ली खूप जण करतात आणि मैद्याचा टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळी, खरं तर या मशीनवर पोळीपेक्षा सोपा आहे. २५० ग्रॅम मैदा, ४० ते ५० ग्रॅम तूप किंवा बटर, मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि १२५ ते १४० मिली गरम पाणी. स्निग्धपणा कमी केला की गार झाल्यावर घडी घालताना तुटतो, त्यामुळे तिथे काटकसर नको. मैदा आखडतो फार, म्हणून मळून अर्धा तास आणि गोळे केल्यावर परत पंधरा मिनिटं झाकून ठेवा. याला फुलक्यासारखं फुगवायचं नाहीये, तपकिरी ठिपके आले की काढा, उशीर केला की कडक.

मक्याच्या टॉर्टियात मात्र लोक हमखास अडकतात. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुवून मग दळतात, त्यामुळे ते पीठ नुसत्या पाण्यात बांधलं जातं. बाजारात ते मासा हरीना नावाने मिळतं. आपल्या गिरणीतलं मक्याचं पीठ तसं नसतं, ते कडेने चिरा पडून तुटतं. आणि किराणा दुकानातलं पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, त्याचा टॉर्टिया होतच नाही, खळ होते. साधं मक्याचं पीठ वापरायचं असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढा आणि थोडी कणीक मिसळा, बऱ्यापैकी जमतं. खरी मासा हरीना असेल तर साध्या, गार, हाताच्या प्रेसमध्ये दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दाबून तव्यावर टाकणं जास्त चांगलं. तो प्लॅस्टिकचा कागद इलेक्ट्रिक मशीनमध्ये चुकूनही घालू नका, वितळून प्लेटला बसेल.

जे मशीनकडून मागूच नये

ज्वारी-बाजरीची भाकरी. त्या पिठात ताणून धरणारं ग्लूटेन नाही, गरम प्लेटने दाबलं की चिरते. उकड काढून लहान लहान होतात पण थापलेल्या भाकरीचा पापुद्रा येत नाही, मला तरी त्या आवडत नाहीत. घडीची पोळी पण नाही, तेल-पिठी लावून घातलेल्या घड्या एका दाबात एकमेकींत मिसळून जातात आणि पदर सुटत नाहीत. पुरणपोळीचं तर नावच नको, पुरण सगळं कडेने बाहेर येऊन प्लेटवर जळतं आणि गूळ घासून काढताना नॉनस्टिक जातं. फुलके, टॉर्टिया, पालक किंवा बीट घातलेल्या साध्या पोळ्या, यासाठी हे मशीन आहे.

झालेल्या पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावू नका, खालच्या ओल्या होतात. सुती फडक्यात गुंडाळा, वाफ जरा जाऊ द्या, तुपाचा हात लावा आणि मग डबा बंद करा. सकाळी केलेल्या दुपारी ऑफिसात उघडल्या तरी मऊ असतात.