लागोसचे पास्टर समजून घ्यायचे तर

नायजेरियातल्या लागोसला नव्यानं येणाऱ्या मराठी माणसाला मी हेच सांगते: इथले पास्टर एवढे मोठे कसे झाले ते टीव्हीवर कळत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रिडीम्ड चर्चनं वसवलेल्या रिडेम्प्शन सिटीत 'होली घोस्ट सर्व्हिस'ला, म्हणजे रात्रभराच्या प्रार्थनासभेला जा.

दुपारीच निघा, संध्याकाळी लागोस-इबादान एक्सप्रेसवेवर गाडी हलत नाही. पाणी, चटई, पातळ चादर घ्या. कपडे साधे, अंगभर. रात्र तिथेच काढायची आहे.

जाण्याआधी थोडं माहीत हवं. रिडीम्ड चर्च 1952 मध्ये जोसाया अकिंदायोमी यांनी सुरू केलं. 1981 मध्ये धुरा आली ईनॉक अडेबोये यांच्याकडे. ते लागोस विद्यापीठात गणित शिकवायचे. डीपर लाइफ या दुसऱ्या चर्चचे कुमुयीही तिथे गणितच शिकवत. विनर्स चॅपल या चर्चचे ओयेडेपो आर्किटेक्ट. तेलाचे भाव पडले, 1986 नंतर नायरा हे इथलं चलन घसरलं, पदवीधर रिकामे बसले, तेव्हा त्यांच्याच भाषेत बोलणारी ही शिकलेली माणसं उभी राहिली.

साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोक उठून सांगतात ते, सुरू झाल्या की नीट ऐका. व्हिसा, नोकरी, मूल, फिटलेलं कर्ज. माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधून मुलाच्या नोकरीच्या अर्जाची झेरॉक्स काढली, घड्या उलगडल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत दोन्ही हातांनी वर धरून ठेवली. सरकारी कचेरीत त्या अर्जाकडे कुणी पाहिलं नव्हतं. मग आजूबाजूला बघा: वीज चर्चची स्वतःची, पाणी स्वतःचं, रस्तेही. सरकारनं सोडलेली जागा कुणी भरली, ते तिथे दिसतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 1905 मध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली अशाच तासन्‌तास मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. अशा प्रार्थनेच्या पेंटेकोस्टल पंथाचा उगम म्हणून जिचं नाव घेतात, ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची चळवळ त्यानंतरची.

दशांशाबद्दल, म्हणजे चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याबद्दल मात्र प्रश्न जरूर विचारा. तो देऊनही काम झालं नाही, तर 'तुमचा विश्वास कमी पडला' म्हणणारे पास्टर मला मुळीच पटत नाहीत. गरिबाच्या माथी दोषही मारायचा, हे वाईट आहे.

उजाडल्याशिवाय परत निघू नका. आणि येत्या रविवारी शेजारी बसलेल्यांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक शाखेत जा. विकसनशील देशांतल्या गावागावांत चालत पाच मिनिटांवर चर्च, हे रिडीम्डचं जाहीर उद्दिष्ट आहे. तिथल्या पास्टरांना विचारा, एरवी काय करता? बरेच जण नोकरदार निघतील. 2015 ते 2023 उपराष्ट्राध्यक्ष असलेले येमी ओसिनबाजो कायद्याचे प्राध्यापक होते आणि याच चर्चचे पास्टरही.