रीडपिक्सेल्सची ओळ लिहिण्याआधी

पडद्यावर चित्र अगदी बरोबर दिसतंय, पण तेच फाइलमध्ये उतरवलं की काळं, उलटं किंवा तिरकं येतंय, हा अनुभव ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून (जीपीयूकडून) चित्र काढून घेण्याच्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसवर, काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. काढलेल्या चित्राचे पिक्सेल परत प्रोग्रॅमच्या मेमरीत आणणारं रीडपिक्सेल्स हे फंक्शन १९९२ सालच्या पहिल्या ओपनजीएलपासून आहे आणि दिसायला फार सोपं आहे. कुठून वाचायचं त्याचे एक्स आणि वाय, रुंदी, उंची, फॉरमॅट, टाइप आणि पिक्सेल कुठे ठेवायचे तो पॉइंटर, असे एकूण सात पॅरामीटर. घोटाळा असा होतो की याला लागणारी निम्मी माहिती या सातांत नसतेच. वाचायला कुठला फ्रेमबफर (चित्र साठवणारी मेमरी) बांधलाय, त्यातला कुठला रंगबफर निवडलाय, प्रत्येक ओळ किती बाइटला जुळवायची, एखादा पीबीओ (पिक्सेल बफर ऑब्जेक्ट, म्हणजे पिक्सेल साठवणारा ओपनजीएलचाच बफर) बांधलेला राहिलाय का, हे सगळं आधीच्या कोडने ठेवलेल्या स्टेटमधून (ओपनजीएलने लक्षात ठेवलेल्या सेटिंगांतून) येतं. म्हणून ती एक ओळ लिहिण्याआधी मी जी तयारी करतो, ती इथे क्रमाने लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी हे ठरवायचं की पिक्सेल सीपीयूकडे खरंच आणायचे आहेत का. चित्रावर पुढची प्रक्रिया जीपीयूवरच होणार असेल तर टेक्स्चरमध्ये (जीपीयूवरच्या चित्रात) रेंडर करा आणि तेच टेक्स्चर पुढच्या शेडरला (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) द्या, परत आणण्याची गरजच नाही. नुसता सरासरी उजळपणा हवा असेल तर मिपमॅप (टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रती) बनवून शेवटच्या १ × १ पातळीतला एकच पिक्सेल वाचा. माउसखाली कुठली वस्तू आहे ते शोधायचं असेल तरीही एक पिक्सेल पुरतो. स्क्रीनशॉट असेल तर क्षणभर थांबलं तरी चालतं, पण व्हिडिओ रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र हिशोब मांडून बघावा. १९२० × १०८० च्या एका फ्रेमचे, चार बाइटच्या पिक्सेलने, ८२,९४,४०० बाइट होतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ४९,७६,६४,००० बाइट, म्हणजे जवळपास ५० कोटी, दर सेकंदाला जीपीयूकडून सीपीयूकडे यायचे. या प्रत्येक कामाची तयारी वेगळी असते. स्क्रीनशॉटसाठी लिहिलेला कोड तसाच उचलून व्हिडिओला लावू नये.

मग वाचायचं कुठून. खिडकीचा स्वतःचा फ्रेमबफर शक्यतो टाळा. खिडकीचा जो भाग दुसऱ्या खिडकीखाली झाकला गेलाय, तिथल्या पिक्सेलची ओपनजीएल हमी देत नाही. शिवाय स्वॅप (तयार चित्र पडद्यावर आणणारी अदलाबदल) झाल्यावर बॅक बफरमध्ये (पडद्यामागे जिथे चित्र काढलं जातं तिथे) काय उरलंय तेही अनिश्चित असतं, त्यामुळे तिथूनच वाचायचं झालं तर स्वॅपच्या आधी वाचावं लागतं. वेबजीएलमध्ये (ब्राउझरमधल्या ओपनजीएलमध्ये) हीच अडचण जास्त ठळक दिसते. ड्रॉइंग बफर जपून ठेवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, म्हणून ज्या कॉलबॅकमध्ये चित्र काढलं त्याच कॉलबॅकमध्ये वाचलं नाही, तर हाती कोरा बफर येतो. स्वतःचा एफबीओ (फ्रेमबफर ऑब्जेक्ट) बनवला की ही सगळी काळजी मिटते. तो पूर्ण आहे का ते स्टेटस विचारून तपासा. तो वाचण्याच्या टार्गेटला बांधलाय ना, तेही बघा, कारण चित्र काढण्याचं आणि वाचण्याचं बाइंडिंग वेगवेगळं असतं आणि घाईत फक्त पहिलंच बांधलं जातं. एफबीओला एकापेक्षा जास्त रंग अटॅचमेंट (जोडलेले रंगबफर) असतील तर रीड बफर आठवणीने निवडा. तो मुळात शून्य क्रमांकाच्या अटॅचमेंटवर असतो, आणि ज्याला दुसऱ्या अटॅचमेंटमधले नॉर्मल (पृष्ठभागाच्या दिशा) हवे असतात तो बराच वेळ रंगच वाचत बसतो.

मल्टिसॅम्पल (कडा गुळगुळीत करण्यासाठी एका पिक्सेलचे अनेक नमुने ठेवणाऱ्या) एफबीओमधून थेट वाचता येत नाही, इनव्हॅलिड ऑपरेशनची एरर येते. तेवढ्याच आकाराचा साधा एफबीओ बनवून ब्लिटने (एका फ्रेमबफरमधून दुसऱ्यात कॉपी करून) त्यात रिझॉल्व्ह करा, म्हणजे नमुन्यांचा एकेक पिक्सेल करा, आणि तिथून वाचा. इथे एक बारीक गोष्ट आहे: सिझर टेस्टचा (ठरलेल्या चौकोनाबाहेर लिहू न देणाऱ्या सेटिंगचा) रीडपिक्सेल्सवर काही परिणाम होत नाही, पण ब्लिटवर होतो. यूआय (बटणं, मेनू) रेखाटणाऱ्या कोडने सिझर चालू ठेवला असेल तर रिझॉल्व्ह झालेल्या चित्राचा एक चौकोनच भरलेला मिळतो आणि बाकी सगळं आधीचं तसंच राहतं.

आकार खिडकीचा घेऊ नका, फ्रेमबफरचा घ्या. जास्त घनतेच्या पडद्यावर ८०० × ६०० ची खिडकी आतून १६०० × १२०० ची असू शकते. जीएलएफडब्ल्यू या खिडकी बनवणाऱ्या लायब्ररीमध्ये फ्रेमबफरचा आकार विचारणारं वेगळं फंक्शन आहे, तेच वापरा. माउसची जागा पिक्सेलमध्ये बदलताना आधी हा गुणक लावायचा आणि मग वाय उलटा करायचा, कारण ओपनजीएलचा आरंभबिंदू खाली डावीकडे आहे आणि माउसचा वर डावीकडे. सूत्र आहे उंची वजा एक वजा वाय. ते ‘वजा एक’ राहून गेलं की सगळीकडे नीट चालल्यासारखं वाटतं, फक्त सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक केलं की वाचन फ्रेमबफरच्या बाहेर जातं आणि तिथली किंमत काहीही असू शकते.

आता ज्या गोष्टीने माझे दोन दिवस खाल्ले ती. स्क्रीनशॉट घेणारं एक छोटं टूल मी लिहिलं होतं, आरजीबी फॉरमॅटमध्ये, पिक्सेलला तीन बाइट. माझ्या १९२० रुंदीच्या मॉनिटरवर ते महिनोनमहिने बिनतक्रार चाललं. मित्राच्या १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर तेच चालवलं तर चित्र तिरकं झालेलं आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी बदललेले. मी आधी शेडर तपासले, मग ड्रायव्हरवर संशय घेतला. कारण होतं पॅक अलाइनमेंट. त्याची मूळ किंमत ४ असते, म्हणजे प्रत्येक ओळ चारच्या पटीतल्या बाइटवर सुरू होते. १९२० गुणिले ३ म्हणजे ५७६०, चारने नि:शेष भाग जातो. १३६६ गुणिले ३ म्हणजे ४०९८, भाग जात नाही, म्हणून ओपनजीएल पुढची ओळ ४१०० व्या बाइटवर लिहितं. माझा कोड मात्र ४०९८ धरून चालला होता. दर ओळीला दोन बाइटांचा फरक पडत गेला. पिक्सेल तीन बाइटचा, त्यामुळे दोन बाइट सरकलं की लाल-हिरवा-निळा यांची अदलाबदल होते आणि तीन ओळींनी, सहा बाइट म्हणजे बरोबर दोन पिक्सेल सरकल्यावर, रंग पुन्हा जागेवर येतात. ७६८ ओळींत मिळून ५१२ पिक्सेलचा तिरकेपणा. आणि खरा धोका तर चित्रात दिसतच नव्हता. माझा ॲरे घट्ट मापाचा होता, त्यामुळे ओपनजीएलने त्याच्या शेवटाच्या पलीकडे १५३४ बाइट लिहिले होते. अशी मेमरी बिघडली की प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच वेळी कोसळतो.

तेव्हापासून वाचण्याच्या आधी पॅक अलाइनमेंट १ ठेवणं, किंवा सरळ आरजीबीए (अल्फा, म्हणजे पारदर्शकतेसह) वाचणं, ही सवयच लागली. आरजीबीएचा पिक्सेल मुळातच चार बाइटचा, त्यामुळे रुंदी कितीही असो, हा प्रश्न उद्भवत नाही. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. पॅक रो-लेंग्थ (ओळीची लांबी) आणि स्किपच्या (किती जागा वगळायची त्याच्या) किंमतीही शून्य आहेत ना ते बघून घ्यावं, दुसऱ्या लायब्ररीने त्या बदलून ठेवलेल्या असू शकतात. बाकीच्या ग्राफिक्स एपीआयमध्येही हाच विषय वेगळ्या आकड्याने समोर येतो. डायरेक्टथ्रीडी १२ आणि वेबजीपीयूमध्ये टेक्स्चर बफरमध्ये कॉपी करताना ओळीचे बाइट २५६ च्या पटीत लागतात, म्हणजे १३६६ रुंदीच्या आरजीबीए ओळीला ५४६४ ऐवजी ५६३२ बाइटची जागा धरावी लागते.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. ओपनजीएल ईएसवर (मोबाइलसारख्या उपकरणांसाठीच्या आवृत्तीवर) नेहमीच्या रंगबफरसाठी आरजीबीए आणि अनसाइन्ड बाइट ही जोडी हमखास चालते, शिवाय ड्रायव्हर त्याच्या पसंतीची आणखी एक जोडी सांगतो. वस्तूंचे क्रमांक पूर्णांक अटॅचमेंटमध्ये लिहीत असाल तर वाचतानाही पूर्णांक फॉरमॅटच द्यायचा, साधा दिला की एरर येते. डेप्थ (पिक्सेलची खोली) डेस्कटॉपवर थेट वाचता येते, पण मूळच्या ईएसवर नाही. तिथे ती रंगबफरमध्ये लिहून मग वाचावी लागते. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये जाणार असेल तर अल्फाकडे लक्ष द्या. ब्लेंडिंगमुळे (रंग एकमेकांत मिसळल्यामुळे) काही जागी अल्फा २५५ पेक्षा कमी उरतो, पडद्यावर ते जाणवत नाही, फाइल उघडली की तिथे पारदर्शक डाग दिसतात. पीएनजीची पहिली ओळ वरची आणि ओपनजीएलची खालची, तेव्हा ओळी उलट्या क्रमाने लिहा. एफएफएमपेग या व्हिडिओ टूलकडे कच्च्या फ्रेम पाठवत असाल तर त्याचा व्ही-फ्लिप फिल्टर हे काम करतो.

व्हिडिओसाठीची तयारी वेगळी आणि मोठी आहे. साध्या पॉइंटरमध्ये वाचलं की ड्रायव्हरला रांगेतली सगळी संबंधित कामं संपेपर्यंत थांबावं लागतं, मग कॉपी करून परत यावं लागतं. तेवढा वेळ सीपीयू वाट बघतो, आणि नवीन काम न मिळाल्यामुळे जीपीयूही रिकामा बसतो. यावर उपाय पीबीओ, जो २००६ च्या ओपनजीएल २.१ मध्ये मूळ स्पेसिफिकेशनमध्ये आला. पॅक टार्गेटला पीबीओ बांधला की शेवटचा पॅरामीटर पॉइंटर राहत नाही, बफरमधलं ऑफसेट होतो, आणि कॉल लगेच परत येतो. पण त्याच फ्रेममध्ये लगेच मॅप केलं (बफर सीपीयूला वाचायला उघडला) तर जे थांबणं टाळलं होतं तेच मॅपच्या ओळीवर येतं. हे मी खूप जणांच्या कोडमध्ये बघितलंय. पीबीओ लावूनही वेग वाढला नाही असं कुणी म्हटलं की मी आधी मॅपची ओळ कुठे आहे ते विचारतो. तीन पीबीओंची साखळी ठेवा. या फ्रेमचे पिक्सेल एकात मागवा आणि दोन फ्रेमआधी ज्यात मागवले होते तो मॅप करा. प्रत्येक वाचनानंतर एक फेन्स, म्हणजे इथवरचं काम संपलं का ते सांगणारी खूण, टाका (ओपनजीएल ३.२ पासून आहे) आणि मॅप करण्याआधी शून्य टाइमआउटने तो पूर्ण झालाय का ते विचारा. पहिल्यांदा विचारताना फ्लशचा (साठलेल्या आज्ञा जीपीयूकडे पाठवण्याचा) बिट द्यायला विसरू नका, नाहीतर फेन्स जीपीयूपर्यंत पोचलेलाच नसतो. मॅप केलेला बफर पुन्हा वापरण्याआधी अनमॅप करा. काम झालं की पॅक टार्गेट शून्यावर आणा. ते राहिलं तर दुसऱ्या कुणाच्या साध्या स्क्रीनशॉटमधला खरा पॉइंटर ऑफसेट समजला जातो आणि तिथे एरर येते. रेकॉर्डिंग थांबवताना साखळीत अडकलेल्या शेवटच्या दोन फ्रेमही काढून घ्यायच्या.

एवढं झाल्यावर एक चाचणी लिहून ठेवा, खऱ्या चित्राला हात लावण्याआधी. ३७ × २३ असा मुद्दाम अवघड आकाराचा एफबीओ घ्या. तो लाल ०.२, हिरवा ०.४, निळा ०.६ आणि अल्फा ०.८ ने क्लिअर करा. वाचल्यावर ५१, १०२, १५३, २०४ आलं पाहिजे. १५३ पहिला आला तर लाल-निळ्याची अदलाबदल झाली आहे. ५१ च्या जागी १२४ च्या आसपास काही आलं तर कुठेतरी एसआरजीबी (पडद्यासाठी उजळपणा बदलणारं) रूपांतर चालू आहे. मग सिझर लावून चार कोपऱ्यांत चार वेगळे रंग भरा, म्हणजे वरखाली उलटलंय का ते एका नजरेत कळतं. सिझर लगेच बंद करा. ज्या ॲरेत वाचणार तो आधी १७१ ने भरून ठेवा आणि शेवटी ६४ बाइट जास्तीचे घ्या. वाचल्यानंतर आतही १७१ च उरले असतील तर काही लिहिलंच गेलेलं नाही, सगळे शून्य असतील तर भलताच बफर वाचला गेलाय, आणि शेवटच्या ६४ पैकी एक जरी बदलला असेल तर अलाइनमेंटकडे परत जा. वाचनाच्या आधी जुन्या एरर काढून रिकाम्या करा, म्हणजे नंतर मिळालेली एरर याच ओळीची आहे याची खात्री राहते. आरजीबीएवर पास झाली की तीच चाचणी आरजीबीवर चालवा, आणि जमलं तर वेगळ्या जीपीयूच्या मशीनवरही.